झेड/व्हीएमवर प्रोसेसरची सेटिंग्ज तपासायची कशी? नवख्या सिस्टीम प्रोग्रामरसाठी

प्रोसेसर निम्मा रिकामा असेल तर झेड/व्हीएममध्ये (आयबीएमच्या मेनफ्रेमवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टीम) एखाद्या गेस्टचा, म्हणजे तिच्यातल्या व्हर्च्युअल मशीनचा, शेअर (प्रोसेसरमधला वाटा ठरवणारा आकडा) कितीही वाढवा, फरक दिसणार नाही. प्रत्येकाला हवं तेवढं मिळतंच आहे, मग वाटणी कशाची करायची? नवीन माणसं नेमकी इथे फसतात. ‘सेट शेअर’ देतात, ‘क्वेरी शेअर’मध्ये नवा आकडा दिसतो, गेस्ट पूर्वीसारखाच चालत राहतो आणि वहीत लिहिलं जातं ‘चाचणी यशस्वी’. खरं तर सिद्ध एवढंच झालं की कमांड टाइप करताना चूक झाली नाही. सेटिंगचा कस लागतो तो टंचाईत. त्यामुळे चाचणीची निम्मी मेहनत टंचाई उभी करण्यात जाते, आणि उरलेली निम्मी ती खरोखर उभी राहिली का हे पाहण्यात.

वाटणी दोन मजल्यांवर होते

वरच्या मजल्यावर पीआर/एसएम, म्हणजे मशीनचा स्वतःचा वाटणी करणारा भाग, बसलेला असतो. मशीनमधले खरे प्रोसेसर तो वेगवेगळ्या एलपारना (मशीनच्या स्वतंत्र विभागांना) त्यांच्या वेटप्रमाणे, म्हणजे नेमून दिलेल्या वजनाप्रमाणे, वाटतो. खालच्या मजल्यावर झेड/व्हीएमचा कंट्रोल प्रोग्राम, म्हणजे सीपी, एलपारला मिळालेले लॉजिकल प्रोसेसर गेस्टना शेअरप्रमाणे वाटतो. तुम्ही खाली काहीतरी तपासत असता आणि वर कुणीतरी शेजारच्या एलपारवर रात्रीचं बॅच काम सुरू करतं. झालं, तुमचे आकडे हलले. कारण मात्र तुम्ही स्वतःच्या सेटिंगमध्ये शोधत बसता.

एक उदाहरण घेऊ, पुढे तेच वापरू. मशीनवर १० सामायिक आयएफएल (मुख्यतः लिनक्ससाठीचे प्रोसेसर) आहेत. सगळ्या एलपारच्या वेटची बेरीज १०००, आपल्या एलपारचं वेट ३७०. म्हणजे आपला हक्क ३.७ आयएफएलचा. एलपारला लॉजिकल प्रोसेसर दिलेत ६. व्हर्टिकल पोलरायझेशन (हक्क मोजक्या प्रोसेसरवर एकवटण्याची पद्धत) चालू असेल तर पीआर/एसएम या सहांना सारखं वागवत नाही. तीन ‘व्हर्टिकल हाय’ होतात, त्यांच्यामागे पूर्ण एकेक प्रोसेसरचा हक्क असतो. एक ‘व्हर्टिकल मीडियम’ होतो, त्याच्यामागे ७० टक्के. उरलेले दोन ‘व्हर्टिकल लो’, त्यांच्या नावावर काहीच नाही. शेजाऱ्यांनी न वापरलेलं जे उरेल त्यावर ते चालतात. प्रोसेसरची कुठलीही चाचणी करण्यापूर्वी आपल्या एलपारचं हे गणित कागदावर मांडा. वेटचे आकडे एचएमसीवर (मशीन सांभाळण्याच्या कन्सोलवर) किंवा परफॉर्मन्स टूलकिट या झेड/व्हीएमच्या मोजणीच्या साधनाच्या ‘एलपार’ स्क्रीनवर मिळतात.

चाचणीची जागा

सरावासाठी झेड/व्हीएमच्या आत दुसरं झेड/व्हीएम गेस्ट म्हणून चालवता येतं. कमांडचा हात बसवायला, सिस्टीम कॉन्फिग फाइल बिघडवून पाहायला आणि आयपीएलची (सिस्टीम नव्याने सुरू करण्याची) भीती घालवायला ही सोय उत्तम आहे. शेअरची मूलभूत चाचणीही तिथे जमते. पण पार्किंग (प्रोसेसर तात्पुरता कामाबाहेर ठेवणं, त्याबद्दल पुढे) आणि पोलरायझेशन तिथे तपासू नका. आतल्या सिस्टीमला खऱ्या मशीनची रचना दिसत नाही आणि ती हॉरिझॉन्टल मोडमध्येच, म्हणजे सगळ्या प्रोसेसरना सारखा हक्क धरून, चालते. त्या चाचण्यांना स्वतंत्र एलपार लागतो, आणि तोही शक्यतो शेजारी शांत असतानाच्या वेळेत.

‘सेट एसआरएम’ (सीपीची वाटपाची सेटिंग्ज बदलणारी कमांड) आणि ‘सेट शेअर’ यांना क्लास ए, म्हणजे सिस्टीम ऑपरेटरचा अधिकार, लागतो. चाचणीसाठी वेगळा यूजर आयडी करून त्याला तेवढाच अधिकार द्या. मेंट या सिस्टीम सांभाळण्याच्या आयडीवरून प्रयोग करायची सवय लागली की एक दिवस ती प्रॉडक्शनवरही हात मारते.

सुरुवातीची अवस्था टिपून ठेवा

कन्सोल आधी स्पूल करा: ‘स्पूल कन्सोल स्टार्ट’. आता जे दिसेल ते नोंदलं जाईल. मग क्रमाने ‘क्वेरी टाइम’, ‘क्वेरी सीपीलेव्हल’, ‘क्वेरी एसआरएम’, ‘क्वेरी प्रोसेसर्स टोपॉलॉजी’, ‘क्वेरी मल्टिथ्रेड’ आणि चाचणीतल्या प्रत्येक गेस्टसाठी ‘क्वेरी शेअर’. सीपीयू पूल (अनेक गेस्टना मिळून एक मर्यादा घालणारे गट) वापरात असतील तर ‘क्वेरी सीपीयूपूल ऑल’सुद्धा.

‘क्वेरी एसआरएम’चं उत्तर लांबलचक असतं. वरच्या ओळी मेमरी आणि रांगांशी संबंधित आहेत, त्या सध्या सोडा. आपल्याला हव्यात त्या खालच्या: लिमिटहार्ड मेथड, पोलरायझेशन, एक्सेसयूज, सीपीयूपॅड, डीएसपीडब्ल्यूडीमेथड (वाटपाची पद्धत) आणि अनपार्किंग; यांचे अर्थ पुढच्या चाचण्यांत येतील. कुणी हात लावला नसेल तर पोलरायझेशन व्हर्टिकल, सीपीयूपॅड १०० टक्के आणि वाटपाची पद्धत रीशफल दिसेल; एक्सेसयूज आणि अनपार्किंगची मूळ किंमत मात्र तुमच्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. वेगळं काही दिसलं तर आधी विचारा की ते कुणी आणि का बदललंय. बहुतेक वेळा उत्तर कुणालाच माहीत नसतं, तरीही विचारा.

‘टोपॉलॉजी’च्या उत्तरात प्रत्येक प्रोसेसरपुढे व्हीएच, व्हीएम किंवा व्हीएल असं लिहिलेलं असतं. कागदावरचं गणित इथे पडताळून पाहा. तीन, एक, दोन असंच दिसलं पाहिजे. जुळलं नाही तर बहुधा वेट तुम्हाला वाटतंय ते नाही, किंवा एखादा शेजारी एलपार बंद असल्यामुळे वेटची बेरीज कमी झालीय.

मोजणीचं साधन

‘इंडिकेट लोड’ नजर टाकण्यापुरतं ठीक. निष्कर्ष मात्र मॉनिटर डेटावरूनच, म्हणजे सीपीने गोळा केलेल्या मोजमापांवरूनच, काढायचा. प्रोसेसर आणि यूजर हे डोमेन (नोंदींचे गट) सॅम्पलमध्ये, म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेल्या नोंदींत, चालू करा आणि प्रोसेसर डोमेन इव्हेंटमध्येही, म्हणजे घटना घडताच होणाऱ्या नोंदींत. मॉनराइटने कच्चा डेटा डिस्कवर साठवत राहा, म्हणजे नंतर शंका आली तर पुन्हा उघडता येतो. सॅम्पलचा अंतराल मूळचा एक मिनिट असतो, शेअरच्या चाचणीला तो पुरतो. पार्किंगला पुरत नाही, ते पुढे येईलच.

परफॉर्मन्स टूलकिटमध्ये चार ठिकाणी नजर हवी. ‘यूजर’ स्क्रीनवर कोणत्या गेस्टने किती टक्के घेतलं ते दिसतं. ‘यूस्टॅट’वर गेस्ट कशासाठी थांबला होता ते कळतं. ‘पीआरसीलॉग’मध्ये प्रोसेसरनिहाय हिशेब आहे. आणि ‘एलपार’ स्क्रीनवरचा सस्पेंडचा टक्का सांगतो की लॉजिकल प्रोसेसरला काम असूनही खरा प्रोसेसर मिळाला नाही असा वेळ किती गेला. हा टक्का फुगलेला असेल तर ती चाचणी तुमच्या सेटिंगची राहिलीच नाही, शेजाऱ्यांची झाली. ती फेरी सरळ रद्द करा.

गेस्ट लिनक्स असेल तर त्याच्या आतून ‘व्हीएमस्टॅट’मधला स्टील टाइम (काम असूनही प्रोसेसर न मिळालेला वेळ) पाहा. बाहेर ‘यूस्टॅट’मध्ये सीपीयूसाठीची वाट वाढली की आत स्टील वाढायलाच हवं. दोन बाजूंचे आकडे एकमेकांना दुजोरा देत असतील तरच पुढे जा.

पहिली चाचणी: रिलेटिव्ह शेअर

एलपारमधले दोनच लॉजिकल आयएफएल चालू ठेवा, बाकीचे ‘व्हेरी’ कमांडने ऑफलाइन करा. मल्टिथ्रेडिंग (एका कोरवर एकाहून अधिक थ्रेड चालवणं) चालू असेल तर ‘व्हेरी प्रोसेसर’ऐवजी ‘व्हेरी कोर’ लागेल. आपला हक्क ३.७ चा आणि चालू दोनच, त्यामुळे दोन्ही हक्काच्या आत बसतात आणि वरचा मजला शांत राहतो. टंचाई आता पूर्णपणे खालच्या मजल्यावरची.

दोन लिनक्स गेस्ट घ्या. ‘लिनए’ला एक व्हर्च्युअल सीपीयू, ‘लिनबी’ला चार. दोघांचाही शेअर रिलेटिव्ह १००, जो मुळातच असतो. दोघांतही प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयूवर एक अखंड लूप सोडा. स्ट्रेस-एनजी चालेल, नाहीतर ओपनएसएसएलची स्पीड चाचणी. दुसरी बरी, कारण ती किती काम झालं हेही सांगते. लोड डिस्क किंवा नेटवर्क वापरणारा नको; गेस्ट आय/ओसाठी थांबला की त्याला प्रोसेसर नकोच असतो आणि सगळा हिशेब गढूळ होतो.

चालवण्याआधी उत्तर लिहून ठेवा. दोन आयएफएल म्हणजे एकूण २०० टक्के. शेअरची बेरीज २००, प्रत्येकाचे १००. म्हणजे लिनएला १०० टक्के, लिनबीला १०० टक्के. लिनबीचे मात्र चार तुकडे होतात, कारण शेअर अख्ख्या व्हर्च्युअल मशीनचा असतो आणि तो तिच्या चालू व्हर्च्युअल सीपीयूंमध्ये समान विभागला जातो. लिनबीच्या प्रत्येक सीपीयूच्या वाट्याला २५ टक्के. अॅप्लिकेशनवाले ‘मशीन हळू झालं, दोन सीपीयू अजून द्या’ म्हणतात तेव्हा त्यांना हे गणित दाखवावं. शेअर न वाढवता सीपीयू वाढवले की प्रत्येक सीपीयूचा वाटा उलट कमी होतो.

आता ‘सेट शेअर लिनबी रिलेटिव्ह ३००’. बेरीज ४००; लिनएला ५० टक्के, लिनबीला १५०. लोड स्थिरावू द्या, पहिली काही मिनिटं हिशेबातून वगळा आणि पुढच्या पंधरा-वीस मिनिटांची सरासरी घ्या. आकडे तंतोतंत बसणार नाहीत, कारण सीपी स्वतःही थोडा प्रोसेसर खातो आणि बाकीचे सर्व्हिस गेस्टही काही घेतात. तीनास एक हे प्रमाण मात्र स्पष्ट दिसायला हवं. तीच फेरी निदान तीनदा करा. तीनही वेळा प्रमाण जवळपास सारखं आलं तरच ते खरं धरा.

मग लिनएवरचा लूप थांबवा, लिनबी तसाच चालू ठेवा. लिनबी लगेच २०० टक्क्यांकडे जाईल. शेअर ही कमाल मर्यादा नव्हे, हे या एका आलेखातून जितकं पटतं तितकं मॅन्युअलची पानं वाचून पटत नाही.

अॅब्सोल्यूट शेअरबद्दल थोडक्यात. तो एकूण सिस्टीमच्या टक्क्यांत असतो आणि आधी अॅब्सोल्यूटवाल्यांचं बाजूला काढून उरलेलं रिलेटिव्हवाल्यांत वाटलं जातं. एकदोन महत्त्वाच्या गेस्टपुरता तो वापरावा. सगळ्यांनाच अॅब्सोल्यूट देणाऱ्या ठिकाणी नंतर कुणालाच हिशेब लागत नाही.

दुसरी चाचणी: मर्यादा

लिमिटहार्ड (गेस्टला ओलांडता न येणारी मर्यादा) टंचाईत आणि सुबत्तेत, दोन्हीकडे तपासावी लागते. ‘सेट शेअर लिनबी रिलेटिव्ह १०० अॅब्सोल्यूट ३०% लिमिटहार्ड’ द्या. दोन आयएफएलच्या सिस्टीममध्ये ३० टक्के म्हणजे एका आयएफएलचे ६० टक्के. आता लिनए बंद, लिनबी एकटाच. तरीही तो साठाच्या आसपास अडला पाहिजे. ‘लिमिटसॉफ्ट’ केलं की मोकळ्या सिस्टीमवर तो पुन्हा वर जातो, कारण दुसरं कुणी मागत नसेल तर सॉफ्ट मर्यादा ओलांडू देते. हा फरक मोकळ्या सिस्टीमवरच दिसतो.

त्यानंतर लिनबीवर चारऐवजी एकच लूप चालवून तीच हार्ड मर्यादा पुन्हा मोजा. येणारा आकडा नोंदवा आणि अॅप्लिकेशनवाल्यांना दाखवा. एकाच धाग्यावर चालणारा प्रोग्राम चार सीपीयूंच्या गेस्टमध्ये मर्यादेखाली कसा वागतो हे त्यांना आधी कळलेलं बरं. लायसन्सच्या कारणासाठी बऱ्याच गेस्टना मिळून एक छत घालायचं असेल तर वैयक्तिक मर्यादांच्या नादी लागू नका. ‘डिफाइन सीपीयूपूल’ने पूल करा, ‘शेड्यूल’ने गेस्ट त्यात टाका आणि पूलवरच मर्यादा ठेवा.

तिसरी चाचणी: पार्किंग

इथे खेळ बदलतो. प्रोसेसर पार्क करणं म्हणजे तो ऑनलाइनच ठेवायचा पण त्याच्यावर गेस्टचं काम पाठवायचं नाही. कमी प्रोसेसरवर काम एकवटलं की कॅशमधला डेटा पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो आणि सीपीच्या आतल्या लॉकसाठीची ओढाताण कमी होते. हायपरडिस्पॅच नावाने ही सोय २०१३ साली झेड/व्हीएम ६.३ बरोबर आली. पुढे किती प्रोसेसर लागतील याचा अंदाज बांधून सीपी दर दोन सेकंदांनी निर्णय घेतो.

तीन सेटिंग्ज या निर्णयाला वळण देतात. एक्सेसयूज ठरवतं की शेजाऱ्यांनी न वापरलेली ताकद कितपत भरवशाची धरायची. सीपीयूपॅड म्हणजे अंदाजावर वर किती राखीव ठेवायचं. १०० टक्के म्हणजे एका प्रोसेसरएवढं. आणि अनपार्किंग ठरवतं हात किती सैल सोडायचा. लार्जमध्ये जेवढ्या कोरना ताकद मिळेल असं वाटतं तेवढे सगळे उघडे राहतात, काम असो वा नसो. मीडियममध्ये हक्काचे उघडे आणि बिनहक्काचे कामाप्रमाणे. स्मॉलमध्ये सगळंच कामाप्रमाणे.

पूर्ण टंचाईत या तिन्हींचा फरक झाकला जातो. सगळे प्रोसेसर लागतच असतील तर पार्क काय करणार? म्हणून इथे लोड जिन्यासारखा चढवायचा आणि उतरवायचा. सहाही लॉजिकल आयएफएल पुन्हा ऑनलाइन घ्या. अनपार्किंग लार्ज ठेवून एक लूप, मग दोन, मग तीन, असं सहापर्यंत जा. प्रत्येक पायरीवर पाच मिनिटं थांबा. मग तसंच खाली या. आता ‘सेट एसआरएम अनपार्किंग स्मॉल’ आणि तोच जिना पुन्हा.

लार्जमध्ये शेजारी शांत असतील तर एका लूपलाही बरेच प्रोसेसर उघडे दिसतील. स्मॉलमध्ये उघड्यांची संख्या लोडमागोमाग चढेल, अंदाज अधिक पॅड एवढी. उतरताना काय होतं तेही पाहा, ते चढतीचं प्रतिबिंब असेलच असं नाही. एक मिनिटाच्या सॅम्पलमध्ये दोन सेकंदांचे निर्णय सपाट होऊन जातात, म्हणून इव्हेंट नोंदी हव्यात. डोमेन ५ (प्रोसेसर) मधली रेकॉर्ड १६ ही पार्क-अनपार्क निर्णयाचीच नोंद आहे.

यानंतर सीपीयूपॅड. अनपार्किंग स्मॉलच ठेवा आणि पॅड ० टक्के करा. ठोक्यासारखा लोड द्या: दहा सेकंद शांत, दहा सेकंद चार लूप. पॅड नसताना प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीला सीपी मागे पडतो आणि त्या एकदोन निर्णयांपुरते गेस्ट ताटकळतात. सरासरी वापर पाहिला तर हे कळणारही नाही. प्रतिसादाचा वेळ मोजला तर लगेच कळतं. माझं मत विचाराल तर ज्या सिस्टीमवर ऑनलाइन व्यवहार चालतात तिथे पॅड घटवून काही कमावण्यासारखं नसतं.

एक्सेसयूजची चाचणी शेजाऱ्याशिवाय होत नाही. दुसऱ्या एलपारवर तुमच्या ताब्यातला लोड असेल तरच ती करा. हाय ठेवून शेजारी अचानक जागा झाला की व्हर्टिकल लो प्रोसेसरवर अडकलेलं काम सस्पेंडच्या टक्क्यात दिसतं. शेजारी हाताशी नसेल तर मूळची सेटिंग राहू द्या आणि पुढे चला.

चौथी: पोलरायझेशन आणि वाटपाची पद्धत

हॉरिझॉन्टल आणि व्हर्टिकल यांची तुलना करताना टक्केवारीवर भिस्त ठेवू नका. दोन्हीकडे प्रोसेसर ९५ टक्के व्यस्त दिसेल, प्रश्न त्या वेळात काम किती उरकलं हा आहे. एका सेकंदात पूर्ण झालेल्या व्यवहारांना वापराने भागा, म्हणजे आयटीआर मिळतो. त्याच्या जोडीला टी/व्ही रेशो, म्हणजे गेस्टच्या नावावर लागलेला एकूण वेळ भागिले त्याने स्वतःच्या कामात घालवलेला वेळ. तो १ च्या जितका जवळ तितका सीपीचा वरखर्च कमी. कॅशचा परिणाम थेट पाहायचा तर सीपीयू मेजरमेंट फॅसिलिटीचे काउंटर लागतात. त्यांची परवानगी एचएमसीवर एलपारच्या अॅक्टिव्हेशन प्रोफाइलमध्ये आधी द्यावी लागते, नाहीतर डोमेन ५ ची रेकॉर्ड १३ रिकाम्या हातानेच परत पाठवते. त्यातून प्रत्येक इन्स्ट्रक्शनला किती सायकल लागल्या ते काढा.

लूपचा लोड इथे कुचकामी. छोटा लूप पहिल्याच कॅशमध्ये मावतो, त्याला पोलरायझेशनचं सुखदुःख नाही. डेटाबेस किंवा मेमरीत भरपूर फिरणारा लोड घ्या.

रीशफल आणि रीबॅलन्समधला फरक तपासायचा असेल तर गेस्टचं मिश्रण बदला. रीशफल पत्ते वाटावेत तसा गेस्टना सारखं पसरतो. रीबॅलन्स त्यांचा वापर पाहून मांडणी करतो आणि मोजकेच जड गेस्ट, तेही ठरावीक चालीचे असतील तर त्याला वाव मिळतो.

मल्टिथ्रेडिंगची एक अट आधीच लक्षात घ्या. ते चालू करायचं तर पोलरायझेशन व्हर्टिकल आणि पद्धत रीशफल असावीच लागते, त्यामुळे वरच्या दोन्ही तुलना मल्टिथ्रेडिंग बंद असतानाच करा. ते सिस्टीम कॉन्फिगमध्ये आधी सक्षम केलेलं असावं लागतं आणि त्याला आयपीएल लागतो. चालू झाल्यावर सीपीयू वेळ तीन तऱ्हांनी मोजला जातो: कच्चा वेळ, एकाच थ्रेडच्या तुलनेतला अंदाजित वेळ आणि कोरच्या हिश्शाने वाटलेला वेळ. जुन्या फेऱ्यांशी तुलना करताना कोणता वेळ कोणासमोर ठेवताय ते तपासा. एकदोन टक्क्यांच्या फरकावर मोठमोठे निष्कर्ष काढणारे बरेच अहवाल याच ठिकाणी घसरतात.

बदल एका वेळी एकच

प्रत्येक फेरीच्या नोंदीत चार गोष्टी असाव्यात: अपेक्षित आकडा, दिलेली कमांड, ती उलटवणारी कमांड आणि मिळालेला आकडा. उलटवणारी कमांड आधी लिहायची, म्हणजे सिस्टीम आचके देत असताना आठवत बसावं लागत नाही. दोन सेटिंग्ज एकदम बदलल्या आणि निकाल सुधारला तर श्रेय कुणाला द्यायचं हे कधीच कळत नाही. अधूनमधून मूळ अवस्थेत परत जाऊन पहिली फेरीही पुन्हा चालवा. तीच आता वेगळं उत्तर देत असेल तर मधल्या काळात खालची जमीन हललीय, आणि मधल्या सगळ्या फेऱ्या संशयित.

पसंत पडलेली सेटिंग टिकवायची राहून जाऊ नये. ‘सेट एसआरएम’ पुढच्या आयपीएलला पुसलं जातं. ते सिस्टीम कॉन्फिगमध्ये एसआरएम स्टेटमेंट म्हणून लिहा. ‘सेट शेअर’ गेस्ट लॉगऑफ झाला की जातं. ते यूजर डिरेक्टरीतल्या त्याच्या शेअर स्टेटमेंटमध्ये हवं. सिस्टीम कॉन्फिगला हात लावल्यावर ‘सीपीसिंटॅक्स’ चालवून फाइल तपासा, जुनी प्रत बाजूला ठेवा आणि पुढच्या आयपीएलनंतर ‘क्वेरी एसआरएम’ पुन्हा देऊन पहिल्या कन्सोल नोंदीशी ओळीला ओळ लावून पाहा.